मुखेडच्या माळावर, दहा वर्षांनी पुन्हा जायरोप्लेनमध्ये

दिवाळीच्या सुट्टीत लातूरचा ट्यूशन एरिया बघण्यासारखा असतो, कारण तिथे कुणीच नसतं. एरवी सायकली आणि स्कूट्यांमधून अंग चोरून चालावं लागतं, मेसबाहेर डबे घेऊन पोरं उभी असतात, आणि भिंतीभिंतीवरून मागच्या वर्षीचे टॉपर आपल्याकडे बघून हसत असतात. सुट्टीत हसणारे तेवढे उरतात. मी याच भागातल्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. आठवडाभर तास आणि रविवारी टेस्ट, असं दहा वर्षं चाललं. त्यातली शेवटची दोन वर्षं माझाच मुलगा समोरच्या बाकावर होता, म्हणजे घरीसुद्धा टेस्टच. यंदा तो मेडिकलला लागून नागपूरला गेला आणि पहिल्याच मोकळ्या शनिवारी नवरा, प्रकाश, चहा पिता पिता म्हणाला, "जाऊन ये की माळावर. तात्या अजून उडवतात म्हणे."

माळ म्हणजे मुखेड आणि देगलूरच्या मधला मुरमाड माळ. तात्या हवाई दलात तंत्रज्ञ होते. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या पडीक रानात एक धावपट्टी केली, दोन आसनांचं एक जायरोप्लेन आणलं, आणि आमच्यासारख्या सातआठ वेड्यांना गोळा केलं. ज्यांनी हे यंत्र पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: मागे पंखा लावलेली तीनचाकी, डोक्यावर लांब पाती, आणि चारी बाजूंनी उघडं. ती पाती उडताना इंजिनावर फिरत नाहीत. यंत्र पुढे सरकलं की खालून येणाऱ्या वाऱ्यावर भिंगरीसारखी आपली आपण फिरतात. मी तिथे शिकले, परवाना काढला, पुढे तात्यांच्या देखरेखीखाली नव्या लोकांना शिकवूही लागले. मग लातूर झालं आणि सगळं सुटलं.

निघताना मी मनाशी ठरवलं होतं. या वेळी हात चालला तर पुन्हा सुरू करायचं, नाही चालला तर हा विषय कायमचा बंद. चाळिशी उलटल्यावर अधूनमधून आठवण काढून हळहळत बसण्यात काही अर्थ नाही.

लातूरहून मुखेडला सरळ उदगीरवरून जाता येतं. मी मात्र वाट वाकडी करून औसा, लामजना करत आधी मायकडे गेले. रस्ता आता चांगला झालाय, फक्त उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकायची तयारी ठेवा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि मागे दिवा नसतो. माय भूकंपानंतर वसवलेल्या गावात राहते. तिथल्या गल्ल्या सरळ आणि घरं एकसारखी, त्यामुळे नवा माणूस हमखास दुसऱ्याच्या दारात जातो. मी दहा वर्षांची असताना जुनं गाव एका पहाटे बसलं. त्यात माझे वडील गेले. मला आणि मायला शेजाऱ्यांनी दगडमातीतून काढलं. मी उडायला का लागले असं लोक विचारतात तेव्हा मी विज्ञानाचं काहीतरी सांगते. खरं उत्तर एवढंच आहे की वर असताना अंगावर पडण्यासारखं काही नसतं, आणि तिथे मला बरं वाटतं.

मायनं ते कधी विचारलं नाही. तिनं गरम भाकरी आणि ठेचा वाढला, नातवाची चौकशी केली, आणि मी पिशवी उचलल्यावर म्हणाली, "परत त्या पंख्यात बसायला चाललीस व्हय?"

"हो. बघून येते, जमतंय का."

"जाऊ नको असं मी म्हणणार न्हाई. तुझं शिक्षण, तुझं डोकं. पण मला सांगू बी नको, कवा गेलीस, कवा आलीस. मला इथं बसून आभाळाकडं बघवत न्हाई."

पूर्वीही ती असंच करायची. मी उडत होते ती सगळी वर्षं आमच्यात या विषयावर एक शब्द झाला नाही. तिची भीती मला कळत होती. मी पाया पडून निघाले.

निलंगा सोडलं की देवणीपर्यंतचा पट्टा हिवाळ्याच्या तोंडाला फार देखणा दिसतो. तुरीला पिवळा फुलोरा, ज्वारी गुडघ्याला लागलेली, आणि बांधावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या देवणी गाई, आपल्या गावाचं नाव आपल्यावरून पडलंय अशा थाटात उभ्या. प्रत्यक्षात उलटं आहे, पण त्यांना कोण सांगणार. उदगीरला चहा घेतला आणि मुक्कामाला देगलूर गाठलं. माळाच्या जवळ राहायची सोय नाही, तेव्हा देगलूरच बरं. बसस्टँडजवळची लॉज साधी पण स्वच्छ आहे, हजाराच्या आत खोली मिळते, पाणी मात्र सकाळीच गरम. खाली हॉटेलात वेटर मराठीत ऑर्डर घेतो, तेलुगूत आत ओरडतो, आणि आतून उत्तर कन्नडमध्ये येतं. "अक्का, भाकरी का इडली?" असं त्यानं विचारलं तेव्हा मी दोन्ही सांगितलं आणि पस्तावले नाही.

रविवारी उजाडता उजाडता माळावर पोचले. तात्या शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. पंचाहत्तरी ओलांडलेली, कान जरा गेलेत, आवाज मात्र तसाच.

"काय नंदाबाई, लेकराला डॉक्टर करून आलात वाटतं. आता आमची आठवण झाली."

"डॉक्टर व्हायला अजून साडेपाच वर्षं आहेत, तात्या."

"मग लवकर आलात."

शेडमध्ये इंधनाचा आणि ओल्या मुरमाचा तोच वास. दारातच स्टीलचा तोच डबा. उडायला जाणाऱ्यानं खिशातलं सगळं त्यात टाकायचं, किल्ल्या, पेन, सुटे पैसे, रुमालसुद्धा. पंखा पाठीमागे असल्यामुळे अंगावरून जे सुटेल ते थेट पंख्यात जातं. मी डब्यात खडू टाकला. पर्समध्ये नाही, खिशात खडू निघाला, आणि शेडमध्ये जमलेले सगळे हसले. फार बरं वाटलं मला त्या हसण्यानं. दहा वर्षं फोन न केलेल्या माणसाला कुणी काही विचारत नव्हतं, जणू मी मागच्या रविवारी आले नव्हते एवढंच.

आमच्याकडे एक रीत आहे. खूप दिवसांनी परत आलेल्याची तपासणी तात्या करत नाहीत. त्यानं ज्याला शिकवलं असेल, तो मागच्या सीटवर बसतो. मी शिकवलेल्यांतली एकच इथे टिकलीय, शाहीन. देगलूरची मुलगी. नांदेडला कॉलेजात होती तेव्हा शनिवारी एसटीनं यायची, आता मुखेडला बँकेत अधिकारी आहे आणि दोन वर्षांपासून इथली मुख्य शिक्षिका. मला बघून तिनं हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत.

"मॅडम, मी तुमची तपासणी घेऊ? मला रात्रभर झोप न्हाई लागली."

"मला लागली का विचार."

तात्या मागून म्हणाले, "भीड धरू नको गं. यांनी तुला नीट शिकवलं असेल तर तू भीड धरणार न्हाईस. त्यांची परीक्षा तीच हाय."

आम्ही निघालो. मी पुढे, शाहीन मागे, कानांवर हेडफोन. पात्यांनी वेग घेतला, मी ब्रेक सोडला, आणि धावता धावता चाकांखालची मुरमाची खरखर थांबली. त्या क्षणाबद्दल काही लिहायचं म्हटलं की हात अडतो. मला रडू आलं, एवढंच लिहिते. खाली ज्वारीचे तुकडे, एक बाई डोक्यावर पाटी घेऊन थांबून वर बघत होती, दूर मुखेडची टाकी. दोन फेऱ्या झाल्या, दोन वेळा चाकं टेकवून पुन्हा वर आलो. हात सगळं ओळखत होता. शाहीन मधूनच "छान, मॅडम," म्हणायची आणि मी पोरीसारखी खूश व्हायचे.

तिसऱ्या फेरीत ऊन चढलं होतं. काळ्या रानावरून मुरमाच्या माळावर येताना खालच्या तापलेल्या हवेचा चांगलाच धक्का बसला, यंत्र एकदम वर उचललं गेलं. आणि माझ्या हातानं सुकाणूचा दांडा झटकन पुढे ढकलला.

हे न करायला आम्ही पहिल्या दिवसापासून शिकवतो. यंत्राचं वजन पात्यांना टांगलेलं असतं तोवर पाती फिरतात. वर उचललं गेल्यावर दांडा जोरात पुढे दाबला तर ते वजन क्षणभर सुटतं, पाती मंदावू लागतात, आणि पुढचं सावरता येईलच असं नाही. धक्का येऊ द्यायचा, हात सैल ठेवायचा, इंजिन थोडं कमी करायचं. मला हे पाठ होतं. पण हादरा बसला की काहीतरी घट्ट धरून खाली दाबायचं, हे माझ्या अंगात उडण्याच्याही आधीपासून आहे. शिकताना मी ते मोठ्या मेहनतीनं काढलं होतं. दहा वर्षांत ते गुपचूप परत येऊन बसलं.

"माझ्याकडे," शाहीन म्हणाली. मी हात सोडले. मागच्या सीटचा दांडा तिनं आधीच धरलेला होता. तिनं यंत्र सावकाश खाली आणलं आणि चाकं अशी टेकवली की कळलंही नाही.

उतरल्यावर पाती थांबेपर्यंत कुणी जागचं हलत नाही, जवळही येत नाही. सगळी मंडळी चुन्याच्या रेषेपलीकडे उभी होती, हात हलवत होती. त्यांना काही कळलं नव्हतं. आम्ही दोघी वरच्या पात्यांचा आवाज मंद होत जाताना ऐकत बसलो.

"मॅडम," मागून आवाज आला, "आज एकटं न्हाई सोडत मी तुम्हाला."

"एकदाच झालं, शाहीन."

"हाव. एकदाच झालं. पण तुम्हाला कळायच्या आत झालं. अजून चारसहा वेळा माझ्यासंगं बसा, दुपारच्या हवेत. मग बघू." मग म्हणाली, "रागवा पाहिजे तर."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. वर्गात मी रोज नव्वद पोरांना गुण देते, आणि इथे माझ्याच विद्यार्थिनीनं मला नापास केलं. राग शेडपर्यंत टिकला. तिथे शाहीन पाठमोरी उभी राहून पाणी पीत होती, आणि एक तांब्या संपताच तिनं तसाच दुसरा तोंडाला लावला. ते पाहिलं आणि माझा राग ओसरला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुपारी सगळ्यांनी मिळून वांग्याची भाजी, भाकरी आणि तिच्या घरून आलेली खिचडी आणि चिंचेचा खट्टा खाल्ला. तात्यांनी माझ्या ताटात दुसऱ्यांदा खिचडी वाढायला लावली.

सोमवारी परतताना ठरवून सरळ उदगीर-लातूर रस्ता धरणार होते. हात चालला नाही, म्हणजे ठरल्याप्रमाणे विषय संपला होता, आणि मायला तर काही सांगायचंच नव्हतं. तरी देवणीच्या फाट्यावर गाडी आपसूक मायच्या गावाकडे वळली. कुणाकडे तरी जाऊन बसावंसं वाटत होतं.

मायनं माझं तोंड बघितलं आणि स्वतःच विचारलं, "काय झालं?"

"उडू नाही दिलं एकटीला. मीच शिकवलेल्या पोरीनं. चुकले मी, तर ती म्हणाली, आज नाही."

"तोंडावर म्हणली? तुला?"

"हो."

माय निवडायला घेतलेली ज्वारी बाजूला सारून बसली. मग तिनं मला जे सांगितलं ते आजवर कधी सांगितलं नव्हतं.

"आधी वर्सभर जमीन गुरगुरून राहिली होती. तुला बी आठवत असल. आमी समदे अंगणात झोपायचो. मग एकेक घर आत निजाया गेलं. काय होत न्हाई, काय होत न्हाई, म्हणत गेलं. तुझा बाप म्हणला, समदे आत झोपून राहिलेत, आपणच कामून भ्यायचं? मी बी वाकळ उचलली अन् गेले मागं. गावात एक माणूस निघालं न्हाई, नका जाऊ म्हणणारं. मी सुदिक म्हणले न्हाई."

मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात येसराचा डबा होता. येसर म्हणजे धान्य आणि मसाला भाजून दळलेलं आमच्याकडचं पीठ, आमटीला लावतात, आणि मायच्या हातचं येसर मला सख्ख्या लेकीलाही मागितल्याशिवाय मिळत नाही.

"हे त्या पोरीला दे. नाव काय म्हणलीस?"

"शाहीन."

"शाहीनला दे. म्हणावं, नंदाच्या मायनं दिलंय."

मी लातूरला पोचले तेव्हा हॉस्टेलांसमोर रिक्षा लागल्या होत्या, गाद्या आणि ट्रंका उतरत होत्या. प्रकाशनं डबा उघडून वास घेतला आणि मी तो त्याच्या हातातून काढून घेतला. घरात सामान लावताना, दुसऱ्या दिवसाच्या तासाची तयारी करताना, या प्रवासातून काय राहिलं याचा विचार करत होते. तुम्हाला जायचं असेल तर हिवाळ्यात जा, सकाळी लवकर उडा, लॉजला गरम पाण्याचं आधी विचारा. मला काय मिळालं ते मात्र असं दोन ओळींत सांगता येईना. विषय बंद करायचा म्हणून गेले होते, आणि तो नक्की बंद झालाय का हेच कळत नव्हतं.

मंगळवारी दोन तासांच्या मधल्या सुट्टीत फोन वाजला. माय स्वतःहून फोन करत नाही.

"पोचला का डबा त्या पोरीला?"

"माय, कालच तर दिलास. मी लातूरला आहे."

"मग जाणार कवा?"