डाव्या बाजूची माणसं

मी शिष्ट झालेय असं आमच्या बिल्डिंगमध्ये ठरलं, तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते. बदलापुरात, कुळगावच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर एकटी राहत होते. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, मूलबाळ नाही. जिन्यात बायका बाजूने जायच्या, हसायच्या म्हणे, आणि मी ओळख न देता पुढे निघायचे. शेजारीण तेवढी माझी होती. तिची भाजी माझ्याकडे, माझी चटणी तिच्याकडे. एका संक्रांतीनंतर तिनेही बोलणं टाकलं. का, ते विचारावं तर माझा स्वभाव हा असा, नाकावर माशी बसू देणार नाही! नाही बोलत तर राहिलं, म्हटलं. आणि घरात येऊन रेडिओशी भांडत बसायचे.

डोळ्यांची शंका आली ती कामावर. आनंदनगरला औषधांच्या कारखान्यात मी इंजेक्शनच्या बाटल्या तपासायचे. बाटली दिव्यासमोर धरायची, आत केस किंवा काचेचा कण दिसला की बाजूला काढायची. इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून तेच केलं. समोरची बाटली अजूनही लख्ख दिसायची, पण डाव्या हाताला ठेवलेला ट्रे मी दोनदा कोपराने पाडला. सुपरवायझर म्हणाला, "बाई, आता घरी बसा." घरी बसून करू काय? दिवसभरात बोलायला एक माणूस उरलं नसतं. काम सोडलं नाही, पण घाबरले, खरं सांगते.

उल्हासनगरला एक चष्म्याचं दुकान होतं. मालक सिंधी, बोलायला साखर. सगळे त्याला डॉक्टरसाब म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे. त्याने कॉम्प्युटरवर डोळे तपासले, तक्ता वाचायला लावला. मी शेवटची ओळ धडाधड वाचली. "बहनजी, नजर तो एकदम पक्की है," म्हणाला, आणि नवी फ्रेम गळ्यात मारली. सहा महिन्यांनी परत गेले, परत फ्रेम. मग एका फुकटच्या शिबिरात कोणीतरी डोळ्यात बॅटरी मारून सांगितलं, मोतीबिंदू आहे, अजून कच्चा आहे, पिकला की काढू. मोती पिकावा लागतो हे आपल्याकडे आंब्याइतकं पक्कं. मीही वर्षभर तो पिकायची वाट बघत बसले. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

शेवटी कारखान्यातल्या नर्सबाईंनी मला झापलं. "डॉक्टरसाब काय, डॉक्टरसाब? तो चष्मे विकतो! बाहुली मोठी करायचं औषध घालून आतला पडदा कोणी बघितला का? डोळ्यातलं प्रेशर कोणी मोजलं?" कोणीच नाही. त्यांनी मला अंबरनाथ पूर्वेला एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

मिठाईच्या दुकानावर दवाखाना. खुर्चीत बसायच्या आधीच मी विचारलं, "तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टर की चष्म्याच्या?" बाई रागावल्या नाहीत. हसून भिंतीवरची डिग्री दाखवली, म्हणाल्या, "डोळ्यांच्याच. त्यासाठी वेगळी तीन वर्षं घातलीत." मग प्रेशर मोजलं आणि त्यांचं हसू गेलं. एका मशीनवर हनुवटी टेकवायला लावली. आत बारीक ठिपके चमकतील, दिसला की बटण दाबायचं. उजव्या डोळ्याने पुष्कळदा दाबलं. डाव्याने एकदोनदा दाबलं आणि मग नुसतीच बसून राहिले.

"मशीन बंद पडलं का हो?"

"चालू आहे," बाई म्हणाल्या.

मोती नव्हताच, काचबिंदू होता. डावा डोळा बराचसा गेलेला, उजव्याचीही नाकाकडची बाजू जायला लागलेली. समोरचं अगदी शेवटपर्यंत दिसतं, म्हणून तक्ता फसवतो. गेलेलं परत येत नाही. उरलेलं थेंब घालून राखायचं, रोज, जन्मभर. सगळं शांतपणे सांगून बाईंनी विचारलं, "सोबत कोण आलंय?"

"खाली रिक्षात थांबलेत," मी ठोकून दिलं. खाली कोण थांबणार होतं माझ्यासाठी?

बाहुल्या मोठ्या करायच्या औषधाने जवळचं काही दिसेना. दुपारी घरी पोचले तर किल्ली कुलपात जाईना. खडखड ऐकून शेजारीण बाहेर आली. न बोलता माझ्या हातातून किल्ली घेतली, दार उघडलं आणि परत निघाली. तेव्हा मात्र मला राहवेना. म्हटलं, "मला डावीकडचं दिसत नाही गं. कधीपासून, देव जाणे."

ती जागच्या जागी थांबली. "त्या संक्रांतीला दिसत होतं?"

"कोणाला ठाऊक. का गं?"

"माझ्याकडे हळदीकुंकू होतं. तू ड्युटीवरून येत होतीस. मी सासूचं न ऐकता दारात आले, सगळ्या बायकांसमोर तुझ्यापुढे कुंकवाचा करंडा धरला. हाक मारायचा धीर झाला नाही. तू बघितलंही नाहीस, सरळ निघून गेलीस. सासू म्हणाली, घे, विधवेला कुंकू लावायला निघाली होती, तिलाच नकोय."

ती संध्याकाळ मला आठवत होती. उघडं दार, बाहेर चपलांचा ढीग, आतलं हसणं. नवरा गेल्यापासून असल्या दारांवरून मी भरभर चालायचे. तिचं दार माझ्या डाव्या हाताला.

"मी लावून घेतलं असतं गं," मी म्हटलं. "तुझ्या सासूसमोर लावून घेतलं असतं."