काचेवरचं कुंकू

यादीतला सतरावा नंबर मी पुन्हा एकदा वाचला. 'ताम्रपट. तीन पत्रे, कडीसह. प्राप्तिस्थान: सौंसर.'

छप्पन साली राज्यांची नवी मांडणी झाली. नागपूरची राजधानी गेली, ऑफिसं भोपाळच्या वाटेला लागली आणि टेबल-खुर्च्यांपासून सगळ्याची वाटणी सुरू झाली. आमच्या म्युझियममध्येही भोपाळकडचे एक अधिकारी यादी घेऊन येऊन बसले. आम्हाला नियम सांगितला तो सरळ होता. वस्तू ज्या भागात सापडली, तो भाग ज्या राज्यात गेला, वस्तू त्या राज्याची. सौंसर भोपाळच्या राज्यात गेलं होतं. म्हणजे ताम्रपटही चालला.

मी गॅलरी असिस्टंट होतो. वस्तू पुसायच्या, मांडायच्या, त्यांच्यापुढे माहितीचं कार्ड ठेवायचं आणि ॲक्सेशन रजिस्टर भरायचं. हे रजिस्टर म्हणजे म्युझियममधल्या वस्तूंची जन्मनोंद. कोणती वस्तू, कधी आली, कुठे सापडली. त्यात एकदा लिहिलं की ब्रह्मवाक्य. 'सौंसर' हे ब्रह्मवाक्य माझ्याच अक्षरातलं होतं, आणि ते साफ चुकलेलं होतं.

ताम्रपट म्हणजे काय, ते आधी सांगतो. पूर्वी राजाने कुणाला जमीन दान दिली की ते तांब्याच्या पत्र्यांवर कोरून देत. पत्रे कडीत ओवायचे, कडीवर राजाची मुद्रा. एका परीने जमिनीचा सातबाराच, फक्त याला वाळवी लागत नाही.

आमचा ताम्रपट सापडला होता नागपूरकडेच राहिलेल्या काटोलजवळच्या वाघोड्याला, भागरथाबाई नावाच्या बाईंच्या वावरात. अक्षय तृतीयेला, आमच्याकडे तिला अखजी म्हणतात, शेतीचं नवं साल सुरू होतं. त्या दिवशी नांगराच्या फाळाला तो लागला. मुहूर्तावर जमिनीतून वर आला तो देवच, म्हणून बाईंनी त्याला देवळीत बसवून हळदकुंकू वाहिलं. त्यांच्या दिराला मात्र त्यात देव दिसेना, तांबं दिसलं. पाण्याचा नवा गुंड, म्हणजे हंडा, घडवून घ्यावा म्हणून तो पत्रे घेऊन थेट सौंसरच्या बाजारात तांबटाकडे गेला. तांबट शहाणा निघाला. अक्षरं पाहून त्याने तहसिलीत वर्दी दिली आणि तिथून पार्सल आमच्याकडे आलं. पार्सलवर लाखेचा शिक्का सौंसरचा. मी शिक्का पाहिला आणि रजिस्टर भरून मोकळा झालो.

ही हकीकत मला कळली दोन महिन्यांनी. भागरथाबाई स्वतः काटोलच्या मोटारीने शोधत आल्या. साठीच्या, काटक, डोक्यावर पदर घट्ट.

"माहा देव कुठी ठेवला गा बाबू?"

मी काचपेटी दाखवली. जमिनीत सापडलेली अशी वस्तू सरकारजमा होते, परत मिळत नाही, हेही सांगितलं. बाई रडायला लागल्या. मला फार वाईट वाटलं.

"मावशी, तो कुठे जात नाही. नागपुरातच राहील. कधीही येऊन बघा."

"सबद देता?"

"देतो."

शब्द द्यायला माझ्या बापाचं काय जात होतं! पण बाईंनी तो गाठीला बांधला. रजिस्टरातलं 'सौंसर' मात्र मी तसंच राहू दिलं. दर अखजीला त्या यायच्या, काचेवर कुंकू लावायच्या आणि गुळाचा खडा ठेवून जायच्या. मग मुंग्यांची रांग थेट शेजारच्या शिलालेखापर्यंत.

याचा सगळ्यात जास्त ताप दौलतला. दौलत आमचा गॅलरी अटेंडंट, उमरेडच्या विणकर घरातला. घरचा माग बंद पडला आणि अंगावर खाकी चढली. सुताचा एक धागा तुटलेला चालायचा नाही, तिथे काचेवरचं कुंकू कुठलं चालायला! तो दर वेळी रिपोर्ट बुकात तक्रार लिहायचा. साहेब, म्हणजे आमचे क्युरेटर, त्याखाली 'असिस्टंटनी खुलासा करावा' असं लिहून सही करायचे. मी खुलासा करायचो, 'पुन्हा होणार नाही.' पुढच्या अखजीला पुन्हा व्हायचं.

तर आता हाच ताम्रपट सतराव्या नंबरवर होता. मी तिकडच्या अधिकाऱ्यांपुढे उभा राहिलो आणि सगळी हकीकत सांगितली. गृहस्थ सज्जन होते. शांतपणे ऐकून घेतलं.

"बाबूजी, मान लिया. पर काग़ज़ दिखाइए."

"बाईंना बोलावतो. त्या सांगतील."

"अब तो कोई भी कुछ भी कहेगा. झगड़े से पहले का काग़ज़ चाहिए."

बरोबरच होतं त्यांचं. पार्सलसोबत आलेलं सौंसरचं पत्र काढलं, त्यात फक्त 'तांबटाकडून प्राप्त'. दिराचा जबाब कुणी घेतलेलाच नव्हता. ताम्रपटातल्या दान दिलेल्या गावाचा पत्ता तर पंडितांनाही लागला नव्हता. साहेब केबिनमध्ये माझ्यावर उखडले.

"पार्सलचा शिक्का पाहून जन्मगाव लिहिलंत? उद्या पोस्टमनला बाप लिहाल!"

मी खाली मान घालून बाहेर आलो. नोकरी जाईल अशी भीती नव्हती. अखजीला त्या बाईला काय तोंड दाखवायचं, हेच डोक्यात होतं. दौलत काच पुसत होता.

"झालं दौलत. यंदापासून तुझ्या मुंग्या बंद."

"काहून जी?"

मी सांगितलं. दौलतने फडकं खांद्यावर टाकलं.

"अन् मी चार साल लिहून राहिलो, ते काय कागद नाही?"

दोघंही रिपोर्ट बुकाच्या कपाटाकडे धावलो. पहिलीच नोंद अशी: 'आज अखजी. वाघोड्याची भागरथाबाई काटोलच्या मोटारीनं आली. ताम्रपटाच्या काचेले कुंकू लावलं. मी मनाई केली. तं म्हणे, माह्या वावरात निंगाला, माहा देव होय, तू कोण सांगणारा. गूळ ठेवला. मुंग्या लागल्या.' खाली साहेबांची तारखेसह सही. अशा चार नोंदी, चार सह्या.

साहेबांनी वही स्वतः उचलून नेली. अधिकाऱ्यांनी चारही नोंदी दोनदा वाचल्या. गुळापाशी आले की हसायचे.

"उस वक़्त तो किसी को बँटवारे का सपना भी नहीं था," ते म्हणाले आणि सतरा नंबरवर आडवी रेघ मारली. "ताम्रपट आप रखिए. चींटियाँ भी."

साहेबांनी त्याच दिवशी रजिस्टरात लाल शाईने दुरुस्ती करवून घेतली. मी नवं कार्ड लिहिलं. 'प्राप्तिस्थान: वाघोडा, तालुका काटोल.'

पुढच्या अखजीला भागरथाबाई आल्या. दौलतने तोंड फिरवलं, त्यांनी कुंकू लावलं. साहेबांनी केबिनमधून मुद्दाम विचारलं, "दौलत, रिपोर्ट लिहिला ना?"

मी बाईंना मोठ्या फुशारकीने कार्ड वाचून दाखवलं. गावाचं नाव ऐकून त्या खुलल्या. मग कार्डाकडे बोट दाखवलं.

"आंधी काय लिवलं होतं?"

"सौंसर," मी हळूच म्हणालो.

"मी वाघोड्याची हाव, हे तं तुमाले पयल्या दिवसापासून ठाव होतं?"

"हो."

"मले वाचता येत नाही गा बाबू," बाई म्हणाल्या. "पर तुमाले तं येते नं?"

त्या दिवसानंतर मी रिटायर होईपर्यंत, वस्तू आली की पार्सलचा शिक्का शेवटी पाहिला. आधी माणूस शोधला.