अकरा वीसला सुटलेली बोट

माझ्या आत्याला गोदावरीच्या मुखावरच्या वाळूच्या बेटावर सोडून बोट सुटली, ती या माघातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. वेळेबद्दल कुणी वाद घालायला येऊ नये. त्याच मिनिटाला मी बोटीत बसून एक फोटो टाकला होता, त्यावर वेळ उमटलेली आहे. फोटोत समुद्र आहे, मी आहे, आणि खाली मीच लिहिलंय, ‘नदी सगळ्यांची असते.’ आत्या त्या फोटोत नाही. हे मला तेव्हा दिसलं नाही.

आत्या पासष्टीची. पैठणच्या वरच्या अंगाला, जायकवाडीच्या फुगवट्याच्या काठावर तिचं गाव आहे. आमचं घर धनगराचं. माझे वडील नोकरीच्या मागं शहरात आले, मी संभाजीनगरात वाढले, कॉलेजात मोर्चे काढायला आणि पत्रकं लिहायला शिकले. आत्या मेंढरांमागंच राहिली. आजोबांचं चराईचं रान धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची होती. त्या पाण्याकडं ती अजून नवख्या पाहुण्याकडं बघावं तसं बघते.

शहरात गुलमंडीतल्या एका टूरवाल्याचा बोर्ड मी वाचून दाखवला, गोदावरी आणि सागराचा संगम, आठ दिवस, जेवणासकट. ती लगेच म्हणाली, “ने मला. आपलं रान गिळलेलं पाणी शेवटाला जातंय कुठं, तेवढं बघायचंय.”

निघताना तिनं पैठणच्या घाटावरून एक बाटलीभर पाणी घेतलं. संगमात ओतायला. मी म्हटलं, आत्या, ते पाणी आपणहूनच तिकडं जातं की. ती म्हणाली, “समदं कुठं जातं? धरणं काय थोडी हायेत मधी?”

आंध्रात राजमहेंद्रीच्या पुढं रस्ता कालव्यांच्या काठाकाठानं जातो. एका बाजूला कालवा तुडुंब, दुसऱ्या बाजूला भातखाचरं, मधे नारळी. जागोजागी कोळंबीची तळी, त्यांत फिरणारी चाकं पाणी उधळत होती. आत्यानं खिडकीला कपाळ टेकवलं ते काढलंच नाही. “येवढं पाणी,” ती म्हणाली, “अन् आपल्याकडं माघातच टँकरची वाट बघायची.” मी वरची धरणं, खालची धरणं, पाणीवाटप असं सगळं सांगायला लागले. तिनं मांडीवर चापट मारली. “गप गं. पत्रक वाचू नको. बघू दे.”

एका ठिकाणी बससकट तराफ्यावर चढून नदीची एक शाखा ओलांडावी लागली. आमच्या बसशेजारी मोटारसायकली होत्या आणि एक माणूस शेळ्या घेऊन उभा होता. तराफा पलीकडं लागला. सगळे उतरायची घाई करत होते, आणि आत्या त्या माणसाच्या शेळ्यांकडं बघत ओठ हलवत उभी. शेवटची शेळी फळीवरून उतरली तेव्हा तिनं त्याच्याकडं बघून मान डोलावली. त्यानंही डोलावली. त्याला मराठी येत नव्हतं, तिला तेलुगू येत नव्हतं.

“काय केलंस?” मी विचारलं.

“मोजली. भरली.”

आमच्यात पाणी ओलांडायचं तर कळप दोनदा मोजतात. अलीकडच्या काठाला एकदा, पलीकडच्या काठाला एकदा. आत्याला आकडे फार येत नाहीत. ती तोंडं ओळखते. कानतुटी आली, लंगडी आली, काळतोंडी आली. एकही कमी असेल तर कळप पुढं हलत नाही, मग पाऊस येवो नाहीतर रात्र होवो. आणि मागं राहिलेलं मेंढरू शहाणं असेल तर जागचं हलत नाही, कारण मेंढका माघारी येणार हे त्याला ठाऊक असतं. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आले होते. ऐकलं आणि विसरले.

मंगळवारी सकाळी दोन बोटींतून आम्ही संगमाकडं निघालो. मॅनेजर सोडून चौतीस माणसं होतो. लाकडी बोटी, डिझेलची इंजिनं, बसायला आडव्या फळ्या. दोन्ही काठांना खाऱ्या चिखलात मुळं रोवून उभी असलेली झाडं. मग नदी एवढी रुंद झाली की काठ दिसेनासे झाले, आणि समोर वाळूचं लांबट बेट आलं. त्याच्या पलीकडं समुद्र.

टूरचा मॅनेजर चाळिशीचा, गळ्यात शिट्टी, सतत हसरा. “चलो, अर्धा तास! फोटो काढा, पाय बुडवा, वापस! मावशी, सांभाळून.” एवढंच. भरतीचं एक अक्षर तो बोलला नाही. त्याला माहीत होतं. बोटवाला त्याला सारखा पाण्याकडं बोट दाखवून काहीतरी सांगत होता.

आत्याला बोटींजवळचं पाणी पसंत पडलं नाही. तिथं वेफर्सची पाकिटं तरंगत होती. “हितं नाय ओतायचं,” म्हणाली आणि बाटली घेऊन पलीकडच्या टोकाला चालत गेली. मधे एक उथळ चर होती, घोट्याएवढ्या पाण्याची. मी म्हटलं, जा, मी आहे इथं.

मी तिथं नव्हते. मी दोन कॉलेजातल्या मुलींना नदीच्या हक्काबद्दल समजावत होते, आणि त्या ऐकत होत्या म्हणून मला बरं वाटत होतं.

शिट्टी वाजली. पलीकडच्या टोकाला, लाटांच्या आवाजात, ती ऐकू जाणार नव्हती. पहिली बोट भरून गेली. दुसरीत चढताना मी मॅनेजरला विचारलं, “आत्या?”

“पहिल्या बोटीत. मी स्वतः हात धरून बसवलं. टेन्शन नका घेऊ, ताई.”

मी टेन्शन घेतलं नाही. फोन काढला.

धक्क्यावर पोचलो तर पहिल्या बोटीतली माणसं घेऊन बस जेवणाच्या ठिकाणी पुढं गेली होती. आम्हाला मागून दुसऱ्या गाडीनं नेलं, कालव्याच्या अरुंद रस्त्यानं, पाऊण तास. मंगल कार्यालयासारखा हॉल, केळीची पानं मांडलेली. मी एकेक रांग बघत गेले. मग बसमध्ये जाऊन तिची सीट बघितली. सीटवर तिची घोंगडी घडी घालून ठेवलेली होती.

मॅनेजरचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. “असेल इथंच कुठंतरी. बाथरूमला बघितलं?” मी ओरडले की ती बेटावर राहिली आहे, गाडी काढा. तो म्हणाला, “ताई, वाढायला सुरुवात झालीय. बाकीच्या पॅसेंजरांना असं सोडून मी कसा येऊ?”

हे वाक्य त्यानं उच्चारलं. माझ्यासकट तेहतीस माणसांसमोर.

आणि बाकीची बत्तीस माणसं काय म्हणाली? एक काका म्हणाले, “आधीच सांगायला पाहिजे होतं, म्हाताऱ्या माणसांना आणूच नये.” त्यांच्या बाईंनी आवाज खाली न करता पुस्ती जोडली, “रानात राहणारी माणसं ती, त्यांना काय होतंय.” कुणीतरी सांबार मागितलं. त्या दोन मुली, ज्यांना मी हक्क समजावले होते, त्यांनी माना खाली घातल्या आणि भात कालवला. एकही माणूस पानावरून उठला नाही.

मी रिक्षा पकडून धक्क्यावर परत आले. एक म्हातारा कोळी जाळं दुरुस्त करत बसला होता. मी हातवारे केले, एक माणूस म्हणून बोट वर केलं, बेटाच्या दिशेनं दाखवलं. त्यानं जाळं तसंच टाकलं आणि बोट ढकलली. जाताना मी पाण्याकडं बघितलं तर जलपर्णीचे झुबके आमच्यासमोरून वर, आत, देशाकडं चालले होते. नदी उलटी वाहत होती. पैठणला जन्म काढलेल्या बाईला नदी माघारी फिरते हे कसं कळावं? आमचं धरणाचं पाणी चढायला महिने लागतात. इथं ते दोन-तीन तासांत चढतं. ती घोट्याएवढी चर आता कमरेच्या वर गेली होती.

बेटाच्या उंचवट्यावर, वाहून आलेल्या एका ओंडक्याला टेकून, आत्या बसली होती. तीन वाजायला आले होते. तिनं हाका मारल्या नव्हत्या, इकडंतिकडं धावली नव्हती. ती जागा धरून बसली होती. आम्ही पलीकडच्या काठाला मोजू आणि लगेच माघारी येऊ, असं धरून. आमच्यासारख्या माणसांवर असा भरवसा टाकायची चूक धनगरणीनंच करावी.

ओठ फुटले होते. माझ्याकडं बघून तिनं पहिलं काय विचारलं असेल?

“आत्ता मोजलं व्हय?”

मी रडायला लागले. “रडू नको,” ती म्हणाली, “पाणी हाय का प्यायला? हितलं समदं खारं हाय. आपलं व्हतं तेवढं ओतलं मी.”

कोळ्यानं आपल्या डब्यातलं पाणी तिला दिलं. काठाला लागल्यावर त्यानं बोटानं आम्हाला दोघींना मोजलं, एक, दोन, आणि आत्याकडं बघून मान डोलावली. त्या दिवशी मोजणारा तो एकटा.

इथं हे संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते. पण त्याच संध्याकाळी मॅनेजरनं टूरच्या ग्रुपवर मेसेज टाकला, ‘आपल्या एक आजी संगमावर फिरताना हरवल्या होत्या, देवाच्या कृपेने सुखरूप सापडल्या.’ खाली हात जोडलेले एकोणतीस जण. मेसेज फिरत फिरत आमच्या आधी गावात पोचला.

आम्ही गावी गेलो तेव्हा माझ्या आतेभावानं तिची मेंढरांची काठी आत, माळ्यावर टाकून दिली होती. कळप त्यानं मेव्हण्याकडं सोपवला होता. “आये, आता बास,” तो म्हणाला. “तू हरवायला लागलीस. उद्या मेंढरं घेऊन कुठं भरकटलीस तर?”

“मी हरवले नाय. मला टाकून आले.”

“मोबाइलात आलंय ना, आये. समद्या गावानं वाचलंय.”

पन्नासेक वर्षं एक मेंढरू न हरवलेल्या बाईला हे ऐकावं लागलं. आता ती ओट्यावर बसते. सकाळी कळप समोरून जातो. ती तोंडं ओळखत ओठ हलवते, आणि मेव्हणा न बघता पुढं जातो.

मी तिला गुलमंडीच्या ऑफिसात घेऊन गेले. मॅनेजरनं चहा मागवला. “मावशी! तब्येत एकदम ठणठणीत की. पुढच्या ट्रिपला तुम्ही आमच्या पाहुण्या, बिलकुल फ्री.”

“नेशील,” आत्या म्हणाली. “मोजशील का?”

तो हसला. “मावशी, वेळ तर सांगितली होती ना तुम्हाला. अर्धा तास.”

“मेंढराकडं घड्याळ नसतं, बाबा. घड्याळ मेंढक्याकडं असतं. तू लिवलंस की मी हरवले. खोडून टाक. लिव, आम्ही न मोजता निगालो. माझ्या लेकाला दावायचंय.”

“असं लिहून दिलं तर आमचं नाव खराब होतं, मावशी.”

“अन् माझं?”

तो फोनमध्ये बघायला लागला. चहा तसाच ठेवून आम्ही उठलो.

मग मी पत्रक लिहिलं. मला तेवढं येतं. मॅनेजरची मस्ती, काकांचा उर्मटपणा, पानावर बसून राहिलेली सुशिक्षित माणसं, सगळं ठासून भरलं. छापायच्या आधी आत्याला वाचून दाखवलं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं.

“चांगलंय,” म्हणाली. “पर ह्यात तू कुठं हायेस?”

“म्हणजे?”

“समदे हायेत ह्यात. तो शिट्टीवाला हाय, सांबारवाला हाय. मी कुणाच्या भरवशावर गेलते तिकडं? तू म्हनलीस, मी हितंच हाय.”

मी पत्रकाची घडी घातली. ती पुढं म्हणाली, अजिबात न चिडता, “मेंढका दुसऱ्याला विचारत नाय माजं मेंढरू आलं का. सोता बघतो.”

ते पत्रक मी फाडलं. त्याच्या जागी हे लिहिलं आहे, आणि याच्याखाली एक ओळ आहे: ‘मंगळवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी आम्ही न मोजता निघालो. ती हरवली नाही, आम्ही तिला सोडून आलो.’ पहिली सही माझी आहे. ती मी केली.

खाली तेहतीस जागा मोकळ्या आहेत. त्यातली एक मॅनेजरची. बाकी बत्तीस जण याच शहरातले आहेत, हे पत्रक त्यांच्या दारात पोचणार आहे. तुम्ही त्या हॉलमध्ये होतात. तुमच्या पानावर भात गरम होता. तुम्ही ग्रुपवर हात जोडले होते. आता तेच हात कामाला लावा. पेन घ्या आणि सही करा. सह्या भरल्या की मी हा कागद घेऊन फुगवट्याकाठच्या त्या घरी जाणार, आतेभावासमोर मोठ्यानं वाचणार आणि माळ्यावरची काठी खाली काढायला लावणार. आत्या ओट्यावर बसून आहे. जागची हललेली नाही. तिची समजूत अजून तीच आहे, की आपण माघारी येऊ.

करा सही.