शिक्केवाल्यांनी तपासलेली वही

त्या गल्लीत त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. चाळीस वर्षं रबरी शिक्के कोरणाऱ्या माणसाला शिक्केवाले म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? दुकान म्हणजे एक अरुंद खोली. तिच्यात एक टेबल, एक दिवा, दोन स्टुलं आणि रबराच्या भुग्याचा वास एवढं मावत होतं. तिसरा माणूस आला की पहिल्याने बाहेर जायचं. शेजारी झेरॉक्सचं दुकान होतं. आता शिक्के मशीनवर पाच मिनिटांत होतात, पण काही जुनी गिऱ्हाइकं अजून हाताचंच काम मागत, आणि त्यांच्या जिवावर शिक्केवाल्यांचा पातं धरायचा सराव टिकून होता.

कामाची रीत साधी होती. कागदावर मऊ पेन्सिलीने अक्षर काढायचं, कागद रबरावर पालथा घालायचा आणि चमच्याच्या पाठीने घासायचा. अक्षर उलटं होऊन रबरावर उतरतं, मग ते पात्याने कोरायचं. पहिली काही वर्षं शिक्केवाल्यांनी असंच केलं. पुढे हात इतका बसला की कागद लागेनासा झाला. ते उलटं अक्षर थेट रबरावर काढत, वर्तमानपत्र वाचावं तसं घडाघडा वाचत आणि काना-मात्रेची चूकही पकडत. लोक तोंडात बोट घालत. यात काही धोका असेल असं कुणाच्या मनात आलं नाही आणि शिक्केवाल्यांच्या तर मुळीच नाही.

त्यांची नात मुंगी साडेपाच वर्षांची. हे नाव घरातलं, कारण ती एके जागी ठरत नसे. तिची आई म्हणजे शिक्केवाल्यांची मुलगी दवाखान्यात नर्स होती, वडील परगावी नोकरीला. त्यामुळे शाळा सुटली की मुंगी दुकानात येई आणि आईची ड्यूटी संपेपर्यंत दुसऱ्या स्टुलावर बसे. मुंगी डावखुरी होती. चमचा डावा, चेंडू डावा, भांडताना चापट मारायची तीही डावीच. पेन्सिल हातात येईपर्यंत याचं कुणाला काही वाटलं नव्हतं.

पेन्सिल आली आणि घोडं अडलं. बालवर्गातल्या बाईंनी निरोप पाठवला की बाकीची मुलं शब्द लिहायला लागली, हिची अजून अक्षरं जमत नाहीत.

"बाबा, सगळे म्हणतायत उजव्या हाताची सवय लावा," मुलगी म्हणाली. तिचे डोळे रात्रपाळीने तांबारले होते. "मला काही सुचत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

"सगळे म्हणजे कोण? त्यांचा हात आहे का तो?" शिक्केवाले तडकले. "हात तिचा, पेन्सिल तिची. मी शिकवतो. दोन महिन्यांत लिहायला लागली नाही तर मग बोल."

आता बोलून तर बसले. डावखुऱ्या मुलाला शिकवायचं कसं, हे त्यांना कुठे माहीत होतं? पण माणूस हाताने काम करणारा, त्यामुळे नुसतं बघून त्यांना बरंच उमगलं. मुंगी लिहायला लागली की तिची मूठ लिहिलेल्या अक्षरांवरून घासत जाई. पानभर काळं फासलं जाई आणि हाताची करंगळी काळी होई. पान समोर सरळ ठेवलं की ती मनगट खेकड्यासारखं वाकवी. पुस्तीत गिरवायचं अक्षर ओळीच्या डाव्या टोकाला छापलेलं असतं आणि नेमकं तेच तिच्या हाताखाली झाकलं जाई. जे दिसतच नाही ते पोर गिरवणार कसं? पुस्ती छापणाऱ्याच्या सात पिढ्यांत कुणी डावखुरा नसावा, असं शिक्केवाल्यांचं मत झालं.

त्यांनी एकेक गोष्ट सुधारली. वही जराशी उजवीकडे कलती ठेवली. पेन्सिल टोकापासून दोन बोटं वर धरायला लावली. दिवा डावीकडून उजवीकडे हलवला, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडणार नाही. आणि शेवटी त्यांना फारच हुशारीची वाटलेली एक गोष्ट केली. नमुन्याचं अक्षर त्यांनी ओळीच्या डाव्या टोकाला न काढता उजव्या टोकाला काढलं. आता ते झाकलं जायचा प्रश्नच नव्हता.

मुंगी खूश झाली. नमुना उजवीकडे, म्हणून तिने सुरुवातही उजवीकडून केली. नमुन्याच्या शेजारी एक, त्याच्या शेजारी दुसरं, अशी ती डावीकडे सरकत गेली. हात पुढे आणि अक्षरं मागे. घासायचा प्रश्न मिटला, पान स्वच्छ. हात ज्या बाजूला चालला, त्याच बाजूला तिने अक्षरांची तोंडंही फिरवली. ग चा काना डावीकडे गेला, क चं पोट भलत्या बाजूला सुटलं. थोड्याच दिवसांत ती शब्दही लिहायला लागली, तेही तसेच. शिक्केवाल्यांनी वही हातात घेतली, बोट ठेवून उजवीकडून डावीकडे सगळं वाचलं. घर, गवत, बदक. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं.

"शाब्बास! याला म्हणतात अक्षर!" त्यांची छाती फुगली. आणि चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांनी खणातला 'तपासले' असा शिक्का काढून पानाच्या खाली हाणला.

पुढचे सहा आठवडे रोज एक पान आणि रोज एक शिक्का. वही दुकानातच राहायची. मुंगी लिहून झालं की पेन्सिल ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघे. त्यांनी मान हलवली की तिचा चेहरा फुले. शाळेत मात्र ती काही लिहीत नव्हती. "मी आजोबांकडेच लिहिणार" एवढंच म्हणायची. शेवटी बाईंनी वही मागवून घेतली आणि सोमवारी शिक्केवाल्यांना बोलावणं आलं. ते इस्त्रीचा सदरा घालून, कौतुक ऐकायच्या तयारीने गेले.

बाई तरुण होत्या आणि थकलेल्या दिसत होत्या. त्यांनी वही उघडून समोर ठेवली.

"आजोबा, हे तुम्ही तपासलंत?"

"हो. रोज."

"वाचून दाखवता?"

शिक्केवाल्यांनी घडाघडा वाचून दाखवलं. बाई वहीकडे बघत राहिल्या, मग त्यांच्याकडे. ही थट्टा आहे की काय, हे त्यांना ठरवता येईना.

"आजोबा, हे सगळं उलटं आहे. आरशात दिसतं तसं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत."

शिक्केवाल्यांनी वही पुन्हा बघितली. सरळ तर होती. त्यांनी चष्मा पुसून परत बघितली, तरी सरळच. मग बाईंनी भिंतीवरच्या तक्त्यातल्या ग वर बोट ठेवलं आणि दुसरं बोट वहीतल्या ग वर. शिक्केवाले एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले. दोन्ही ग होते. दोन्ही चांगले होते. आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की हे दोन्ही एक नाहीत.

"शुक्रवारी तिला माझ्यासमोर लिहू द्या," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वाईट नव्हता. "सरळ जमलं तर प्रश्नच नाही. नाही जमलं तर उजव्या हाताने सुरुवात करू. तिच्या आईशी माझं बोलणं झालंय, त्या हो म्हणाल्यात. मुलीचं वर्ष वाया जायला नको."

म्हणजे सोमवार ते शुक्रवार. मुंगीचा डावा हात तिचा राहणार की नाही हे या चार दिवसांवर आलं होतं, आणि ही वेळ आणणारा माणूस दुसरातिसरा कुणी नव्हता.

परत येताना शिक्केवाल्यांची अवस्था फार चमत्कारिक झाली. दुकानांच्या पाट्या वाचाव्यात तर प्रत्येक पाटीपाशी शंका. ही सरळच असणार, लोक का उलटी पाटी लावतील? पण मला ती सरळ दिसते म्हणून ती सरळ, असं आता कुठे राहिलंय? दुकानात येऊन त्यांनी कागदावर एक ग काढला. बघितला. दुसरा काढला. मग दोन्ही घेऊन झेरॉक्सवाल्या बाईंच्या काउंटरवर गेले.

"ताई, यातला सरळ कोणता?"

"काका, बरं वाटत नाहीये का?"

"बरं आहे. तुम्ही नुसतं सांगा."

"हा सरळ. हा उलटा." त्या हसायला लागल्या आणि त्यांचा चेहरा बघून थांबल्या. "काय झालं काय?"

शिक्केवाल्यांनी सांगितलं. सांगताना स्वतःलाच लाज वाटत होती. पोरीला तोंडघशी पाडलं, दुसरं काय? झेरॉक्सवाल्या बाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मुंगीला सांगितलंत का?"

ते सगळ्यात अवघड होतं. मंगळवारी मुंगी आली, स्टुलावर बसली, वही कलती केली आणि पेन्सिल घेतली. शिक्केवाल्यांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"मुंगे, आजोबांचं चुकलं. आपण लिहिलं ते उलटं होतं."

"पण तुम्ही तर वाचलंत."

"मला दोन्हीकडून वाचता येतं."

"मग बाईंना का नाही येत?"

शिक्केवाल्यांनी तिच्या हातावरचा हात काढून घेतला. मुंगीने वहीची पानं उलटली, प्रत्येक पानावरचा शिक्का बोटाने चाचपला आणि वही मिटून ठेवली. त्या दिवशी तिने काही लिहिलं नाही. बुधवारीही नाही. विचारलं तर ताकास तूर लागू देईना.

गुरुवारी ती आपणहून बसली. तिने पेन्सिल उचलली आणि उजव्या हातात घेतली. बोटं कशी धरायची ते कळेना, म्हणून तिने सगळ्या मुठीत गच्च आवळली. डावा हात मांडीखाली दाबून ठेवला होता.

"हे काय?"

"हा चुकला ना," ती मांडीखालच्या हाताकडे बघून म्हणाली, "म्हणून."

शिक्केवाल्यांना रडू आलं. लपवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही आणि तेवढ्याशा खोलीत ते जमलंही नसतं. तिला कसं सांगायचं, की बाळ, तुझा हात शहाणा आहे, माझा डोळा चुकला? शब्दांनी सांगून तिला पटणार नव्हतं. शब्दांनीच तर सहा आठवडे शाब्बास म्हटलं होतं. गोंधळलेल्या माणसाला आपलं काम तेवढं आठवतं. त्यांनी तिच्या वहीतलं पान फाडलं, कोऱ्या कागदावर पालथं घातलं, खणातला चमचा काढून तिच्यापुढे धरला.

"घास. डाव्या हाताने."

तिने हात मांडीखालून काढला आणि घासलं, आधी हळू, मग चांगलं जोर लावून. शिक्केवाल्यांनी पान उचललं. कोऱ्या कागदावर फिकट, करडी अक्षरं उतरली होती. ती कशी आहेत ते त्यांना सांगता येईना, म्हणून त्यांनी भिंतीपलीकडे हाक मारली, "ताई, जरा येता?"

झेरॉक्सवाल्या बाई आल्या, शिक्केवाले बाहेर झाले. दारातूनच त्यांनी ऐकलं.

"घर. गवत. बदक. अगदी सरळ आहे की! कुणी लिहिलं हे?"

"मी," मुंगी म्हणाली. मग जरा थांबून, "या हाताने."

त्या संध्याकाळी झेरॉक्सवाल्या बाईंनी दुकान लवकर बंद केलं आणि तीन तास शिक्केवाल्यांच्या दारात उभ्या राहिल्या. शिक्केवाल्यांनी वहीच्या डाव्या काठावर हिरवी रेघ ओढली, सुरुवात इथून. नमुना वरच्या बाजूला लिहिला, म्हणजे हातही आडवा येत नाही आणि दिशाही चुकत नाही. प्रत्येक नमुना आधी ताई बघणार, मग मुंगी लिहिणार. करंगळी परत काळी झाली. झाली तर झाली, साबण कशाला असतो?

शुक्रवारी वर्गात बाईंनी मुंगीला पहिल्या बाकावर डाव्या टोकाला बसवलं आणि पाच शब्द सांगितले. मुंगीची आई रात्रपाळी करून तशीच आली होती, ती दाराशी उभी होती. शिक्केवाले मुंगीच्या मागच्या बाकावर बसले, गुडघे हनुवटीला टेकवून. बाक लहान मुलांचा होता.

मुंगी डाव्या हाताने लिहीत होती. खांद्यावरून त्यांना पान दिसत होतं. त्यांना सगळं बरोबर वाटलं, आणि त्यामुळेच त्यांना घाम फुटला. त्यांना बरोबर वाटणं म्हणजे काहीच नव्हतं.

पाचवा शब्द लिहून मुंगीने पेन्सिल ठेवली. मग नेहमीसारखी मान वळवून तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

मान हलवावी? नाही हलवली तर तिला वाटेल चुकलं. हलवली आणि चुकलेलंच असलं तर? शिक्केवाले तिच्याकडे बघत राहिले, काही न करता. इतकं अवघड काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

मुंगीने जरा वाट बघितली. मग ती पानाकडे वळली. एकेका अक्षरावर बोट ठेवत गेली, मध्येच थांबली. भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं, परत पानाकडे. पेन्सिल उचलून तिने चौथ्या शब्दातलं एक अक्षर खोडलं, त्याच्यावर नवं काढलं आणि मागे न बघता वही बाईंपुढे सरकवली.

बाईंनी दोनदा वाचलं. "हात आहे तो राहू दे," त्या तिच्या आईला म्हणाल्या. आई मटकन तिथल्याच बाकावर बसली.

शिक्केवाल्यांनी पुढे वाकून वही बघितली. खोडलेलं अक्षर रेघेखालून दिसत होतं, वर नवं होतं. त्यांनी दोन्ही वाचली. दोन्ही ग होते, दोन्ही चांगले होते.

"बाई," त्यांनी हळूच विचारलं, "आधीचा उलटा होता की हा?"

बाईंनी उत्तर द्यायच्या आत मुंगीने त्यांचं बोट धरलं आणि नव्या अक्षरावर नेऊन ठेवलं.

"हा सरळ, आजोबा," ती म्हणाली. "तुम्हाला नाही कळायचं."