आईच्या शेजारची जागा

हसू अनावर झालं, की शेजारच्याच्या मांडीवर जोरात थाप मारायची आईची जुनी सवय. इतकी वर्षं ती मांडी बाबांची होती. ते गेल्यानंतर काल पहिल्यांदाच आई, ताई आणि मी एकत्र बाहेर पडलो. दळण टाकलं, आईचा चष्मा दुरुस्त करून घेतला आणि सिनेमाला जाऊन बसलो. एका प्रसंगाला आई खळखळून हसली आणि थाप माझ्या मांडीवर बसली. पुढच्या रांगेतून आमच्या सोसायटीतल्या एक काकू मागे वळून बघायला लागल्या. मध्यंतरात त्यांनी विचारलंच, "इतक्यात सिनेमा?"

"हो," आई म्हणाली, "आणि नंतर हॉटेलात जेवायलाही जाणार आहोत."

आई रडत होती तेव्हा हीच माणसं तिला म्हणत होती, सावर आता. मग सावरायचं म्हणजे नेमकं काय करायचं? तोंड पाडून बसलं तरच प्रेम खरं, हे ठरवणारे तुम्ही कोण?

मध्यंतरानंतर आई आणखी मोठ्यानं हसली. हॉटेलात पोहोचलो तरी माझी मांडी चुरचुरत होती. पण आईच्या शेजारची खुर्ची मी काही ताईला दिली नाही.