पोस्टमनच्या घराचा उंबरा

बत्तीस वर्षं टपाल वाटणाऱ्याला गाव डोळ्यांनी बघावं लागत नाही, असं पोस्टमन म्हणायचा. लोकांना ती शुद्ध बढाई वाटायची. मग युद्ध आलं आणि तीन दिवसांत गावाचा असा चक्काचूर झाला की एक भिंत उभी राहिली नाही. पुन्हा गाव बांधायचं कुणी मनावर घेतलं नाही. सोळा वर्षं नुसतं गवत माजलं. आता तिथं जंगल लावायचं ठरलं होतं. जमीन मोजायला आलेल्या सर्वेवाल्यानं मेहेरबानी एवढीच केली, की ज्याच्या घराचा उंबरा आज संध्याकाळपर्यंत सापडेल, त्या जागी त्याच्या नावाचा दगड बसेल. बाकीच्यांचं रान.

जुनी माणसं गोळा झाली आणि भांबावली. कुणी म्हणे इथं, कुणी म्हणे तिथं. हापसा तेवढा वाकून का होईना, शिल्लक होता. पोस्टमन त्याच्यापाशी गेला, खांद्याला रिकामी पिशवी अडकवली, डोळे मिटले आणि चालू लागला. पाय आपसूक वळत होते. एका जागी तो वळसा घालून पुढं गेला.

"इथं शिंपिणीचं कुत्रं आडवं पडलेलं असायचं," तो म्हणाला. मग चार पावलांवर थांबला. "खणा."

हातभर खाली उंबऱ्याचा दगड लागला. शिंपीण मटकन बसली आणि त्या दगडावरून हात फिरवू लागली. दुपार कलेपर्यंत एकवीस उंबरे निघाले, एकही चुकला नाही. सकाळपासून घड्याळ बघणारा सर्वेवाला आता टोपी हातात घेऊन मागून चालत होता.

"आणि आपलं?" पोस्टमनच्या बायकोनं विचारलं.

पोस्टमन निघाला, अडखळला, हापशापाशी परत आला. असं तीनदा झालं. मग त्याच्या लक्षात आलं. स्वतःच्या घरी त्यानं कधी टपाल टाकलंच नव्हतं. पत्र आलंच तर ऑफिसातच खिशात घालायचा. घरी जाताना काम संपलेलं, डोकं भलतीकडेच. सगळ्या गावाला दारात नेऊन सोडलं आणि स्वारी स्वतः रस्त्यावर.

"मला नाही सापडत गं," तो म्हणाला.

तिनं त्याला दंडाला धरून हापशाशी उभं केलं. "घरी येताना इथं तोंड धुवायचात. तसे वाका. आता हलू नका."

त्याच्यावरची नजर न काढता ती मागं मागं जाऊ लागली.

"काय चाललंय तुझं?"

"अजून मोठे दिसताय," ती म्हणाली. "दारातून एवढे दिसायचा नाहीत."

सर्वेवाल्याला हसू आलं, पण बाकी कुणी हसेना. ती आणखी बरीच मागं गेली, जराशी डावीकडे सरकली आणि थांबली.

"हां. एवढेच."

सर्वेवाल्यानं स्वतः फावडं घेतलं. तिसऱ्या घावाला दगड वाजला.

पोस्टमन अजून वाकलेलाच होता. "तू रोज दारात असायचीस?" त्यानं तिथूनच ओरडून विचारलं. "मी यायचो तेव्हा तर तू स्वयंपाकघरात असायचीस."

"तुम्ही तोंड पुसून वळलात की मी आत जायचे," ती म्हणाली.