दारफळणीच्या आदल्या दिवशी, निवतीच्या समुद्रात

निवतीला कसं जायचं, असं परवा एका वाचकाने विचारलं. आता सोपं आहे. कुडाळला रेल्वेने उतरा, परुळ्यापर्यंत एस.टी. पकडा, पुढे रिक्षा मिळते. मी मात्र तिथे पहिल्यांदा पोचले ती समुद्रातून, अर्धमेली होऊन. साठीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. तेव्हा तो सगळा भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता.

आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. मी मुंबईत शाळेत शिकवत होते आणि आमच्यातल्या काही जणांचं एक लहानसं मंडळ चालवत होते. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दिवे लावायचो, आमच्या लोकांचा इतिहास वाचायचो, एकमेकांच्या अडीअडचणी बघायचो. प्रार्थना मात्र करायचो नाही. देव ऐकतो यावर माझा विश्वास नव्हता, आणि नसलेला विश्वास तोंडाने म्हणणं मला जमत नसे.

माझी बहीण लिया वेंगुर्ल्याला राहायची. तिचा नवरा फळबागांच्या सरकारी केंद्रात नोकरीला होता. मालवण-वेंगुर्ल्याकडे आमची जेमतेम चार घरं, आणि त्यांचा मुकादम, म्हणजे सणावारी पुढे उभा राहणारा माणूस, त्या वर्षी इस्रायलला निघून गेला होता. लियाने मलाच गळ घातली. "दारफळणीला तू ये. मालवणची माणसं घेऊन माझ्याकडे ये." दारफळणी हा आमचा कडक उपासाचा सण. दार लावून घरात राहायचं, पाणीसुद्धा प्यायचं नाही, वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. बोटीत बसेपर्यंत मला एकच भीती होती: श्रद्धाळू माणसांपुढे मी कोणत्या तोंडाने उभी राहणार?

भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटली. डेकवर वळकटी पसरून पडायचं, शेजारच्यांच्या डब्यातलं खायचं, असा तो प्रवास. मालवणला बोट धक्क्याला लागत नसे, खोल पाण्यातच उभी राही. उतारू न्यायला खाली पडाव यायचा, लाट त्याला वर उचलायची आणि नेमक्या त्या क्षणी उडी टाकायची. मी दोनदा मागे सरले. तिसऱ्यांदा खलाशाने दंड धरून मला खाली ओढलंच.

मालवणला आमच्यातल्याच डॅनियलकाकांकडे उतरले. काका बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, ताठ कण्याचे. साराकाकूंनी सुरमईचं तिखलं केलं होतं. जेवताना काकांनी सरळच विचारलं, "शेमा म्हणशील ना?" शेमा म्हणजे आमची मूळ प्रार्थना.

"नाही म्हणणार, काका."

"मग पुढे उभी राहून करणार काय?"

मी सुरमईचे काटे काढत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हसन तांडेलाच्या शिडाच्या मचव्यात बसलो. काका, काकू, आमच्यातलीच दवाखान्यातली नर्स फ्लोरा आणि मी. रस्त्याने गेलं तर वाटेत खाड्या, तरीची होडी, पुन्हा बस, असा खोळंबा होता. सूर्यास्ताला उपास सुरू होणार, त्याआधी वेंगुर्लं गाठायचं होतं. दुपारपर्यंत समुद्र गुळगुळीत होता. मग दक्षिणेकडे काळोखी दाटली आणि हसन शिडाकडे बघत उठला.

"वारो फिरलो. वेंगुर्ल्याक आता जाऊचा नाय. निवतीक घालतंय."

पावसाने समोरचं दिसेना. लाट अंगावर फुटली आणि मचव्यात घोट्यापर्यंत पाणी आलं. फ्लोरा ओरडत होती. काकूंनी माझा हात घट्ट धरला. "रिबेका, म्हण ना काहीतरी! तू आमची पुढारी ना?"

तिघंही माझ्याकडे बघत होती. म्हणावं का? शब्द पाठ होते. पण ते उच्चारले असते तर त्या तिघांनी वर बघितलं असतं, आणि पाणी तर खाली भरत होतं.

"बसान काय ऱवल्यात? पाणी उपसा!" हसन गरजला.

मी डबा उचलला, दुसरा फ्लोराच्या हातात कोंबला. "काका, तुम्ही काकूंना धरा. आणि सगळ्यांनी आपापलं नाव मोठ्याने घ्यायचं, एकामागून एक. थांबायचं नाही." पावसात कोणी बाहेर फेकलं गेलं तर निदान कळावं, एवढंच मनात होतं. डॅनियल. सारा. फ्लोरा. रिबेका. "हसन!" वल्हं धरून तोही ओरडला. एकदा काकूंचा आवाज आला नाही. त्या क्षणाएवढी मी आयुष्यात कधी भ्याले नाही. मग चिरकलेला शब्द ऐकू आला: "सारा."

निवतीच्या वाळूत मचवा घुसला तेव्हा मी रांगतच खाली उतरले. हसनच्या ओळखीच्या, मासे विकणाऱ्या पार्वतीबाईंनी आम्हाला ओसरीवर घेतलं, कोरडी लुगडी दिली, चुलीपाशी बसवलं आणि गरम पेज आणली. तोवर सूर्य बुडाला होता. उपास लागला होता. काकू निळ्या पडल्या होत्या, अंग थडथड उडत होतं.

"आमका आज उपास," काकांनी सांगितलं.

"उपास उद्या करा. ह्या बायेचो जीव जातलो!" पार्वतीबाई म्हणाल्या.

फ्लोराने नाडी बघून मला पाजायची खूण केली. मी वाटी काकूंच्या ओठांना लावली.

"आज दार लावायचं असतं," काका पुटपुटले. "आपण परक्याच्या ओसरीवर बसलोय, आणि तू पेज पाजतेस."

"हो काका. काही झालं तर दोष माझ्यावर."

काकूंनी वाटी संपवली. हळूहळू त्यांच्या बोटांत ऊब आली, तेव्हा काका तोंड फिरवून रडले.

मग त्यांनी भिंतीला हात टेकत उठून मला विचारलं, "मी शेमा म्हणू?"

"म्हणा. मी शेजारी उभी राहते."

त्यांनी म्हटलं. मी गप्प उभी राहिले. नंतर मी सगळ्यांना एकमेकांची माफी मागायला लावली, आकाशाची नव्हे. काकांनी पहिल्यांदा पार्वतीबाईंची मागितली, परकी म्हटल्याबद्दल. त्यांना काहीच समजेना. "माका कित्याक?" त्या हसत सुटल्या.

दुसऱ्या दिवशी सूर्यास्तानंतर उपास सुटला, आणि त्याच्या पुढच्या सकाळी बैलगाडीने परुळं, तिथून बसने वेंगुर्लं. दारात लिया उभी होती, डोळे सुजलेले. मचवा पोचला नाही एवढंच तिला कळलं होतं. तिने मला आधी एक थप्पड मारली, मग मिठी.

मुंबईला मी जमिनीवरूनच परतले, कणकवलीमार्गे, हाडं खिळखिळी करत. समुद्राची भीती काही वर्षांत ओसरली. दुसरी राहिली: घाबरलेली माणसं आपल्याकडे बघताहेत आणि आपल्याला काहीच ठाऊक नाही, ही. तरी पुढच्या वर्षीही त्यांनी मलाच बोलावलं आणि मी गेले.

त्यानंतर काका-काकूही मुलाकडे इस्रायलला निघाले. बंदरावर निरोप देताना काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हिब्रूत आशीर्वाद म्हणू लागले. मी चुळबुळले, तशी त्यांनी हात अधिकच दाबला.

"तुझा विश्वास नाही, ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "माझा आहे. दोघांना पुरेल. उभी राहा."

मी उभी राहिले.